घरची शुश्रूषा : उभें राहण्याचा एक तास

सायंकाळीं देवघरांत निरांजन लागतें, घंटा वाजूं लागते, आणि हातांतलीं कामें टाकून घरांतील सारीं माणसें आरतीस उभीं राहतात. अशा वेळीं कांहीं घरांत भिंतीलगत एक चाकांची खुर्ची असते आणि तींत एक मूल बसलेलें असतें. आरती त्याला ऐकूं येते. देव मात्र दिसत नाहीं. त्याच्या डोळ्यांसमोर असतात त्या उभ्या माणसांच्या पाठी. आरती संपली कीं कोणी तरी मायेनें तबक त्याच्यापुढें वांकवितें, डोक्यावरून हात फिरवितें, आणि सर्वजण आपापल्या कामास लागतात. या घरांत त्या मुलावर प्रेम नाहीं असें कोण म्हणेल? परंतु त्याला उभें करावें हें कोणाच्या मनांत आलेलें नसतें, किंवा आलें असलें तरी, "ज्याला चालतांच येणार नाहीं, त्याला उभें करून काय उपयोग?" या प्रश्नापाशीं येऊन तें थांबलेलें असतें.

हा प्रश्न वाईट हेतूनें विचारलेला नसतो. परंतु त्याच्या पोटीं एक मोठी गैरसमजूत आहे, आणि तिची किंमत त्या मुलाच्या हाडांना व सांध्यांना द्यावी लागते. म्हणून या महिन्यांत या सदरासाठीं हाच विषय घेतला आहे.

ज्याला स्वतःच्या बळावर उभें राहतां येत नाहीं, त्यास आधार देऊन उभें करणाऱ्या साधनाला स्टँडिंग फ्रेम असें नांव आहे. आपण तिला नुसती चौकट म्हणूं. रुंद, न उलथणारा पाया, पावलें ठेवण्यासाठीं फळी, गुडघ्यांपुढें मऊ गाद्या, कमरेमागून येणारा रुंद पट्टा, छातीस आधार, आणि समोर पाटी, पुस्तक किंवा खेळणें ठेवण्यापुरतें मेज, एवढा तिचा संसार. ज्या मुलास मान सावरतां येते, त्याला पोटाकडून आधार देणारी, किंचित् पुढें कललेली चौकट चालते. ज्याला मान सावरत नाहीं, त्याला पाठीकडून आधार देणाऱ्या फळीवर निजवून ती फळी हळूहळू उभी करतात. मोठ्या माणसांसाठीं बसल्या जागेवरून उचलून उभें करणाऱ्या चौकटीही मिळतात. कोणास कोणती योग्य, हें फिजिओथेरपिस्टनें तपासून ठरवावयाचें असतें. शेजाऱ्यांच्या मुलास जी लागू पडली तीच आपल्या मुलास लागू पडेल असें नाहीं.

एके काळीं आपल्याकडे असें साधन म्हटलें कीं पोलिओ झालेलें मूल डोळ्यांपुढें येई. भारतांत नैसर्गिक विषाणूनें झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारींत आढळला, आणि २०१४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें हा सारा प्रदेश पोलिओमुक्त ठरविला. त्यामुळें हा विषयच संपला असें पुष्कळांस वाटतें. परंतु मेंदूस इजा झाल्यामुळें हालचालींवरील ताबा गेलेलीं, म्हणजे सेरेब्रल पाल्सीचीं मुलें, मज्जारज्जूस दुखापत झालेले तरुण, पक्षाघातानें अंथरूण धरलेले वृद्ध, मल्टिपल स्क्लेरॉसिस किंवा स्नायुक्षय यांसारख्या विकारांनीं हळूहळू बळ गमावणारीं माणसें घरोघरीं आहेतच. त्यांना या चौकटीचा उपयोग होऊं शकतो.

आतां, उभें राहिल्यानें होतें तरी काय? हाड हें दगडासारखें निर्जीव नाहीं. त्यावर जसा भार पडतो तशी त्याची घडण होत असते. बर्लिन येथील शस्त्रवैद्य ज्यूलियस वोल्फ यांनीं १८९२ सालीं हा नियम ग्रंथरूपानें मांडला. त्याची उलट बाजू आपल्या काळांत अंतराळवीरांच्या शरीरांत दिसून आली. अंतराळांत देहाचा भार हाडांवर पडत नाहीं. तेथें पुरेसा व्यायाम न घडल्यास धडधाकट माणसाच्याही खुब्याच्या हाडाची घनता दर महिन्यास शेंकडा एक ते दीड इतकी घटते. जें मूल जन्मापासून कधीं उभेंच राहिलें नाहीं, त्याच्या हाडांची काय स्थिति होत असेल? कपडे बदलतांना पाय जरा मुरगळला आणि मांडीचें हाड मोडलें, असे प्रकार अशा मुलांच्या बाबतींत होतात, ते यामुळेंच.

दुसरी गोष्ट सांध्यांची. दिवसभर खुर्चींत बसलेल्या माणसाचे खुबे व गुडघे वांकलेले असतात. रात्रीं तो कुशीवर निजला तरी ते वांकलेलेच राहतात. स्नायु जेवढे वापरावे तेवढेच लांब राहतात. कांहीं महिन्यांनीं ते आखडतात, आणि मग गुडघा सरळ करूं म्हटलें तरी होत नाहीं. पाय आखडले कीं स्नान घालणें, कपडे चढविणें, अंथरुणावर नीट निजविणें, सारेंच अवघड होऊन बसतें.

तिसरी गोष्ट खुब्याची. जन्मतः खुब्याची वाटी उथळ असते. मूल उभें राहूं लागलें, चालूं लागलें, कीं मांडीच्या हाडाचा गोल माथा तींत नीट बसून वाटी खोल होत जाते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांपैकीं सुमारें एक-तृतीयांश मुलांच्या बाबतींत हा माथा वाटींतून बाहेर सरकूं लागतो; आणि ज्यांची हालचाल सर्वांत कमी, त्यांच्यांत हें प्रमाण सर्वांत अधिक. प्रारंभीं तें दुखत नाहीं, म्हणून घरच्यांच्या ध्यानांत येत नाहीं. खुब्याचे क्ष-किरण चित्र वेळच्या वेळीं काढून घेणें हाच तें ओळखण्याचा मार्ग आहे.

याखेरीज उभें राहिल्यानें छाती मोकळी होऊन श्वास खोल जातो, कोठा साफ होण्यास साह्य होतें, आणि बसून बसून कातडीवर पडणारा दाब तेवढा वेळ तरी उतरतो.

हें सारें वाचून कोणास वाटेल, कीं चौकट म्हणजे सर्व रोगांवरील मात्रा आहे. तसें मुळींच नाहीं. इंग्लंडांत २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत चालूं न शकणारीं २६ मुलें घेतलीं होतीं. त्यांपैकीं निम्म्या मुलांच्या उभें राहण्याच्या वेळांत नऊ महिनेपर्यंत दीडपटीनें वाढ करण्यांत आली. त्यांच्या पाठीच्या मणक्यांची घनता इतरांहून शेंकडा सहा वाढलेली आढळली. नडगीच्या हाडांत मात्र फरक पडला नाहीं. म्हणजे लाभ खरा, परंतु मर्यादित. २०१३ सालीं अमेरिकेंतील फिजिओथेरपिस्ट जिनी पेलेग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तोंपर्यंतच्या संशोधनाची छाननी करून मुलांसाठीं वेळेचीं प्रमाणें सुचविलीं. आठवड्यांतून पांच दिवस उभें करावें. हाडांच्या बळकटीसाठीं रोज ६० ते ९० मिनिटें. खुब्यासाठीं दोन्ही पाय मिळून ३० ते ६० अंश फांकवून ६० मिनिटें. सांधे मोकळे राहण्यासाठीं ४५ ते ६० मिनिटें. स्नायूंचा ताठरपणा उतरण्यासाठीं ३० ते ४५ मिनिटें.

मोठ्या माणसांविषयींचा एक प्रयोग आपल्यासारख्या कुटुंबांनीं विशेष लक्षांत घ्यावा, कारण तो इस्पितळांत नव्हे तर घरीं झाला. २०१९ सालीं इंग्लंडांत प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत मल्टिपल स्क्लेरॉसिसचा विकार वाढत चाललेलीं १४० माणसें होतीं. त्यांतील निम्म्यांच्या घरीं चौकट देऊन आठवड्यांतून तीन वेळां, अर्धा अर्धा तास उभें राहण्यास शिकविलें. हा क्रम २० आठवडे चालला. ३६ व्या आठवड्यांत पाहिलें तों, शरीराची हालचाल मोजण्याच्या चांचणींत चौकट वापरणारीं माणसें दुसऱ्यांच्या पुढें होतीं. संशोधकांनीं अपेक्षिलें होतें तेवढा हा फरक मोठा नव्हता. परंतु जो विकार माणसास दर वर्षीं थोडें थोडें खालीं ओढतो, त्यांत एवढेंही हातीं राहणें कमी नाहीं.

येथवर शास्त्र झालें. आतां घरांतील गोष्ट सांगतों. माझ्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत सेरेब्रल पाल्सीचा एक सहा वर्षांचा मुलगा होता. आजोबांनीं पुढाकार घेऊन त्याच्यासाठीं चौकट करविली. ती घरीं आली त्या दिवशीं तिला हळदकुंकू वाहिलें, नारळ फोडला, आणि नातू पहिल्यानें उभा राहिला तेव्हां आजोबांच्या डोळ्यांस पाणी आलें. "दिवाळीपर्यंत हा चालूं लागेल," असें ते आल्यागेल्यास सांगूं लागले. काकांनीं छायाचित्रें काढलीं. पहिला महिना सारें घर त्या चौकटीभोंवतीं होतें.

दिवाळी आली आणि गेली. संक्रांतही गेली. मुलगा चालला नाहीं. कोणी कांहीं बोललें नाहीं. फक्त विचारणें थांबलें. मुलास चौकटींत उभें करणें म्हणजे पायांना आधारपट्ट्या चढविणें, त्याला उचलणें, एकेक पट्टा बांधणें, तासभर त्याच्याजवळ थांबणें आणि पुन्हां सारें सोडणें. हें सर्व त्याची आई एकटी करीत होती, तेंही दोन वेळच्या स्वयंपाकाच्या मधल्या वेळांत. "सोडून दे" असें तिला कोणी म्हणालें नाहीं. "मी करतों, तूं बैस," असेंही कोणी म्हणालें नाहीं. पुढें आठवड्यांतून पांच दिवसांचे तीन झाले, तिनाचा एक झाला, आणि पावसाळ्याच्या सुमारास चौकटीवर ओले पंचे वाळत पडूं लागले.

त्याच पावसाळ्यांत एके सकाळीं मुलाला चड्डी घालतांना गुडघे सरळ होईनात, आणि तो कळवळून रडला. फिजिओथेरपिस्ट बाई आल्या. त्यांनीं पाय तपासले आणि एवढेंच विचारलें, "चौकट कोठें आहे?" आई खालीं मान घालून उभी राहिली. तिच्या वतीनें आजोबाच म्हणाले, "बाई, वर्ष होत आलें. पण तो चालला कोठें?"

बाई म्हणाल्या, "आजोबा, ती चालण्यासाठीं आणलीच नव्हती. तो चालेल असें मीं कधीं म्हटलें नाहीं, आणि आजही म्हणत नाहीं. त्याचे पाय सरळ राहावे, खुबा जागेवर राहावा, हाडें टिकावीं, यासाठीं ती आहे. उद्यां तो वीस वर्षांचा होईल. त्याला खुर्चींतून अंथरुणावर घेतांना तो क्षणभर जरी पायांवर भार देऊं शकला, तरी या घराचें ओझें अर्धें होईल."

आजोबा कांहीं बोलले नाहींत. तेव्हां आजी, ज्या आंतल्या दाराशीं उभ्या राहून सारें ऐकत होत्या, त्या म्हणाल्या, "अहो, पंढरीचा विठोबा तरी कुठं चालतो? तो नुसता उभाच आहे ना! मग उभं राहणं कमी कसं म्हणावं?"

त्या दिवशीं पंचे उचलले गेले. आजीच्याच सूचनेनें चौकट देवघरासमोर मांडली गेली आणि उभें राहण्याची वेळ सायंकाळची ठरली, म्हणजे शेवटचीं दहा मिनिटें आरतींत जावींत. भिंतीवर एक पाटी टांगून तीवर वार लिहिले गेले. सोमवारीं काका, मंगळवारीं आत्या, बुधवारीं आजोबा, गुरुवारीं थोरल्या काकू. आईच्या वांट्यास फक्त शुक्रवार राहिला. उचलणें व पट्टे बांधणें प्रत्येकानें बाईंच्या देखत शिकून घेतलें. चुलत भावंडें त्या तासांत त्याच्यासमोरच्या मेजावर सोंगट्या मांडूं लागलीं. सहा महिन्यांत, रात्रीच्या आधारपट्ट्या आणि हा रोजचा तास मिळून, गुडघे पुष्कळसे सरळ झाले; पूर्वीइतके मात्र झाले नाहींत. जो काळ गेला त्याचा कांहीं भाग परत आला नाहीं, हेंही येथें लिहिलें पाहिजे. मुलगा अद्याप चालत नाहीं. आरतीच्या वेळीं घंटा वाजविण्याचा मान मात्र त्याच्याकडे आहे, आणि तो दुसऱ्या कोणास घेऊं देत नाहीं.

या हकीकतींत दोष कोणाचा, याची चर्चा करण्यांत अर्थ नाहीं. चौकट निकामी ठरली नव्हती. तिच्याकडून जें मागावयाचें नव्हतें तें मागितलें गेलें होतें, आणि जें काम सर्वांचें होतें तें एकीवर पडलें होतें. आपल्याकडे "पायांवर उभा राहिला" असें आपण कमावत्या मुलाविषयीं म्हणतों. कदाचित् त्यामुळेंच आधारानें उभें राहणें आपल्याला अपुरें वाटत असावें. परंतु ज्या तासांत सांधे सरळ राहिले, तो तास सार्थकीं लागला. दुसऱ्या दिवशीं मूल चालो वा न चालो.

आतां सावधगिरीच्या कांहीं गोष्टी. चौकट आणण्यापूर्वीं डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. नुकतें मोडलेलें हाड, अति ठिसूळ हाडें, सरकलेला खुबा, पायाच्या शिरेंत धरलेली रक्ताची गांठ किंवा उभें करतांच फार उतरणारा रक्तदाब असेल, तर त्यांच्या अनुज्ञेवांचून उभें करूं नये. आखडलेला सांधा चौकटींत घालून जबरीनें सरळ करण्याचा प्रयत्न करूं नये.

पहिल्या दिवशीं पांच-दहा मिनिटें पुरेत. वेळ हळूहळू वाढवावा. भरल्या पोटीं लगेच उभें करूं नये. टांचा फळीस टेकल्या आहेत काय, चाकें असल्यास तीं अडकविलीं आहेत काय, हें रोज पाहावें. चौकटींतील मुलास क्षणभरही एकटें सोडूं नये. दूध उतूं गेलें तर जाऊं द्यावें. चेहरा पांढरा पडला, घाम आला, डोळ्यांपुढें अंधारी आली, तर ताबडतोब खालीं घेऊन आडवें निजवावें व पाय उंच करावे.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. मज्जारज्जूस छातीच्या मध्यापाशीं किंवा त्याहून वर इजा झालेल्या माणसाचें डोकें एकाएकीं ठणकूं लागलें, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर रक्तदाब धोकादायक रीतीनें चढला आहे असें समजावें. अशा वेळीं आडवें निजवूं नये. बसतें करावें, पट्टे व कपडे सैल करावे, लघवी तुंबली आहे काय किंवा कोठें कांहीं रुतत आहे काय तें पाहावें, आणि त्याच क्षणीं डॉक्टरांस बोलवावें.

चौकटींतून काढल्यावर गुडघे, टांचा व कंबर यांवरील कातडी पाहावी. अर्ध्या तासांतही न मावळणारा लाल डाग दिसल्यास गादी किंवा पट्टा चुकीच्या जागीं आहे. ज्याला स्पर्श कळत नाहीं तो "दुखतें" असें सांगणार नाहीं. त्याच्या वतीनें आपल्या डोळ्यांनींच तें पाहावयाचें असतें. मूल वाढतें, चौकट वाढत नाहीं. म्हणून दर तीन ते सहा महिन्यांनीं मापें पुन्हां तपासून घ्यावीं.

पक्षाघात झालेल्या वृद्धांविषयीं एक शब्द. लवकर उठविणें चांगलें, हें ऐकून कांहीं जण पहिल्याच दिवशीं आजारी माणसास वारंवार अंथरुणाबाहेर काढूं पाहतात. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या, पांच देशांतील ५६ इस्पितळांत २,१०४ रोग्यांवर केलेल्या प्रयोगांत, पहिल्या चोवीस तासांतच सुरू केलेल्या अशा अतिशय तीव्र हालचालीनें तीन महिन्यांनंतरची स्थिति उलट कमी चांगली आढळली. तेव्हां उभें केव्हां करावयाचें तें डॉक्टरांस ठरवूं द्यावें. आपण घाई करूं नये, आणि त्यांनीं सांगितल्यावर आळसही करूं नये.

चौकट महाग असलीच पाहिजे असें नाहीं. फिजिओथेरपिस्टनें मापें काढून दिलीं, तर चांगला सुतारही लहान मुलासाठीं लांकडी चौकट करूं शकतो. मात्र कोपरे गुळगुळीत, पाया रुंद आणि पहिला वापर बाईंच्या किंवा बुवांच्या देखरेखीखालीं, एवढें पथ्य पाळावें. मुंबईस हाजी अली येथें १९५५ सालीं स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. अपंगांस साधनें पुरविण्याची केंद्र सरकारची योजनाही १९८१ पासून आहे. तिची चौकशी आपल्या जिल्ह्याच्या अपंग पुनर्वसन केंद्रांत करावी.

कांहीं माणसें अशीं असतात, कीं त्यांना कोणत्याही चौकटींत उभें करणें हितावह नसतें. त्यांच्या घरच्यांनीं मनास लावून घेऊं नये. तेथें देवच थोडे खालीं आणावे. बसल्या जागेवरून दिसतील अशा उंचीवर मांडावे, म्हणजे झालें. परंतु ज्यांना उभें करतां येण्यासारखें आहे, त्यांच्यासाठीं घरांतील पाटीवर वार आणि नांवें आजच लिहावीं. त्या यादींत आईचें नांव एकदांच यावें, अशी या सदराची आग्रहाची विनंति आहे.

पुढील अंकीं चाकांच्या खुर्चीचें माप कसें घ्यावें याचा विचार करूं.